गाडी तापतेय, गॅरेजवाला म्हणतो हेड उतरवा. आधी घरी काय तपासू?

आरेकर

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, ७८ हजार किमी झालेत. चार वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. रोजचा रस्ता गोरेगाव पूर्व ते पवई. म्हणजे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), म्हणजे मेट्रोचे खांब आणि पहिला गिअर.

दोन आठवड्यांपूर्वी घरी येताना सीप्झच्या पुढे डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. माझ्या गाडीत काटा नाही. थंड असताना निळा दिवा, तापली की लाल, मधलं काही कळत नाही. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीत आधण आलेलं. तासभर थांबलो, बाटलीबंद पाणी ओतलं आणि एसी बंद ठेवून कसाबसा घरी पोचलो.

पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व) अडकलाय म्हणून तो काढूनच टाकला. ९०० रुपये. दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली आणि मला जवळ बोलावलं. आत पाण्यात बुडबुडे. "साहेब, हेड पॅकिंग गेलं. हेड उतरवून फेसिंग करायला लागेल. अठ्ठावीस हजार पकडून चला." हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पॅकिंग म्हणजे त्याच्याखालचं सील; ते गेलं की जळलेला वायू पाण्यात शिरतो, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, असं कळलं. मी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघालो.

माझ्याकडे पान्यांचा सेट आहे, एक मल्टीमीटर आहे आणि शनिवार-रविवार आहे. हेड उतरवण्याआधी मी स्वतः काय काय बघू शकतो?

निवांत

अठ्ठावीस हजार वाचवा, गाडी विकून टाका. पुढचा धागा घेणारा काढेल.

इंजिनघर

आरेकर, आधी एकच सक्त सूचना. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. त्या दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तुम्ही झाकण फिरवता त्या क्षणी दाब जातो आणि सगळ्याची वाफ होऊन तोंडावर येते. दुसरं, इग्निशन बंद असलं तरी काही गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा बोटं लांब.

आता प्रश्न. पान्याला हात लावायच्या आधी याची उत्तरं द्या, अर्धं निदान इथेच होतं.

ट्रॅफिकमध्ये तापते की मोकळ्या रस्त्यावर? उभी असताना तापत असेल आणि पळायला लागली की थंड होत असेल, तर संशय पंख्यावर. कारण वेगात समोरून वारा मिळतो, सिग्नलला तो पंख्यालाच आणावा लागतो. उलट ८०च्या वेगाला किंवा घाटात तापत असेल तर हवा नाही, पाणी कमी पडतंय. रेडिएटर आतून चोक, वॉटर पंप, थर्मोस्टॅट यांच्याकडे बघायचं.

कूलंट कमी होतंय का? होत असेल तर जातंय कुठे? रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय बघा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं, कूलंट बोटांना किंचित चिकट लागतं. चाखून बघू नका, विष आहे. सांडलं तर लगेच धुवा, गोडसर असल्यामुळे सोसायटीतली मांजरं चाटतात.

डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी, दिसते का? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि गाडी गरम झाल्यावरही येतच राहतो का?

शेवटचं. सकाळी थंड गाडी चालू करून दोन-तीन मिनिटांत रेडिएटरची वरची जाड नळी दाबून बघा. पाणी अजून कोमट असताना नळी दगडासारखी टणक झाली, तर आत कुठून तरी गॅस घुसतोय. तसं असेल तर तुमचा गॅरेजवाला बरोबर असू शकतो, आधीच सांगून ठेवतो.

काळीपिवळी

थर्मोस्टॅट काढून टाकणारे अजून आहेत हे वाचून वडिलांची आठवण झाली. ते पद्मिनी टॅक्सी चालवायचे. सीटखाली पाच लिटरचा कॅन, डिकीत दुसरा कॅन, आणि मे महिन्यात पेडर रोडचा चढ आला की गिऱ्हाइकाशी बोलणं बंद, कान इंजिनाकडे. थर्मोस्टॅट त्यांनीही काढलेला होता. त्या गाडीला खपून जायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून बाद झाली, ती युक्तीही तिच्याबरोबर जायला हवी होती.

आताच्या इंजिनाला ठरावीक तापमान लागतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गरम झाली नाही, तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. ॲव्हरेज पडतं. आणि मूळ दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

ठाणेकरीण

माझी गाडी घोडबंदर रोडला अशीच तापायची. दोन गॅरेजं झाली, पंखा बदलून झाला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टॉर्च लावून एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बघायला सांगितलं. बाहेरून जाळी स्वच्छ, आणि आत धूळ, किडे, पिसं आणि एका प्लास्टिकच्या पिशवीचा चुरा, सगळं मिळून पापडासारखा थर. आदल्या पावसाळ्यात पाणी तुंबलं होतं त्यातून गाडी काढली होती, त्याचा गाळही तिथेच बसलेला. बागेच्या साध्या पाइपाने इंजिनाच्या बाजूने पुढे असं पाणी मारलं. प्रेशर गन मारू नका, जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात आणि मग कायमची वाट लागते.

दुसरं म्हणजे ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या. काही शे रुपयांना मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. लाल दिवा लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं.

चाळिशीचा_चष्मा

मध्येच एक बाळबोध प्रश्न. कूलंटऐवजी साधं पाणी घातलं तर काय बिघडतं? आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय? मी तर कायम नळाचंच घालतो.

इंजिनघर

बर्फ पडत नाही, पण गंज चढतो. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, इंजिन ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्यांना ती लागतात. शिवाय वॉटर पंपाचं सील त्यावर टिकतं, आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं.

आता नळाच्या पाण्याबद्दल. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांचं, ते तसं मऊ. पण तुमच्या सोसायटीत टँकर येतो का? बोअरवेलचं पाणी मिसळतात का? बादलीच्या कडेला पांढरी रेघ चढत असेल तर तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत चढतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीसाठी मिळतं तेच. रंगांवर जाऊ नका, हिरवं काय नि लाल काय, गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते घाला आणि दोन वेगळ्या जातींची भेळ करू नका.

आरेकर

शनिवारचा अहवाल.

सकाळी सात वाजता कंपाउंडमध्ये बॉनेट उघडलं. पावणेआठला सेक्रेटरी येऊन "हे गॅरेज नाही" सांगून गेले, साडेआठला तेच टॉर्च धरून उभे होते.

पंखा: एसी लावला की लगेच फिरतो. पण त्याचा कनेक्टर काढला तर एका पिनेवर हिरवा चुरा जमलेला, नखाने खरवडला तर पावडर पडली. खाऱ्या हवेचे प्रताप. पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बसवला. मोटर ठीक आहे म्हणजे पंखा ठीक, असं धरू का?

कंडेन्सरच्या मागे कचरा होता, पण पापड नाही, फार तर पोहे. धुतला.

पुठ्ठ्यावर डाग नाही. डिपस्टिक स्वच्छ. धूर नाही. तरी कूलंट मात्र आठवड्याला अर्धा लिटर कमी होतंय, आणि बाटलीच्या झाकणाभोवती सुकलेले ओघळ आहेत. म्हणजे उकळून तिथूनच बाहेर जातंय.

आणि वाईट बातमी, वरची नळी टणक. थंड गाडी चालू करून चौथ्या मिनिटाला दाबली, बोट आत जात नव्हतं. बायको म्हणाली तुझं तोंड बघून कळलं अठ्ठावीस हजार गेले.

डोंगल आला आहे. मोकळ्या रस्त्याला ७४ ते ७६ दाखवतो, थर्मोस्टॅट नाही म्हणून असेल. शुक्रवारी जेव्हीएलआरला २० मिनिटांत १०४ झालं, मी एसी बंद करून इंजिनाची उष्णता काढायला हीटर पूर्ण लावला, तर हीटरमधून गार हवा! मग बाजूलाच घेतली.

त्यात या आठवड्यात सीएनजीची लाइन एवढी मोठी होती की सोमवार-मंगळवार पेट्रोलवरच काढले. ते दोन दिवस तापली नाही एवढंच नशीब, नाहीतर ऑफिसला दांडी. असो. हेड उतरवायला टाकू का?

इंजिनघर

पंख्याचं आधी. एसीवर फिरला म्हणजे मोटर, फ्यूज आणि वायरिंग ठीक. पण एसी बंद असताना तापमान ९५-१००च्या आसपास गेल्यावर तो स्वतःहून सुरू होतो का, हे वेगळं तपासावं लागतं, कारण तो हुकूम सेन्सरकडून येतो. डोंगल बघत उभ्या गाडीवर तपासा.

हीटरमधून गार हवा म्हणजे हीटरपर्यंत पाणीच पोचत नाही. पाणी कमी आहे किंवा मध्ये हवेचा गोळा अडकलाय.

टणक नळी वाचून मी हेड पॅकिंगच लिहायला बसलो होतो. मग तुमचा शेवटचा परिच्छेद परत वाचला. दोन दिवस पेट्रोलवर, त्याच रस्त्याला, त्याच ट्रॅफिकमध्ये, तापली नाही? एसी लावून?

आरेकर

हो, एसी लावून. डोंगल नव्हता तेव्हा, पण लाल दिवा लागला नाही आणि बाटलीची पातळीही हलली नाही. का?

निवांत

सीएनजीवर गाडी तापतेच हो. सगळ्यांना माहीत आहे.

इंजिनघर

निवांत, धडधाकट कूलिंग असलेली गाडी सीएनजीवर उकळत नाही. मुंबईतल्या निम्म्या टॅक्सी मग रोज रस्त्यात उभ्या दिसल्या असत्या.

आरेकर, नीट वाचा. टाकीत गॅस २०० बारने भरतात. इंजिनाला एवढा दाब चालत नाही, म्हणून बॉनेटखाली रिड्यूसर असतो, मुठीएवढा धातूचा डबा. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो, डबा गोठून बर्फ धरेल. तो गोठू नये म्हणून किट बसवणारे हीटरच्या नळीला टी जोडून इंजिनाचं गरम कूलंट त्या डब्यातून फिरवतात. म्हणजे एकाच डब्यात एका बाजूला दाबाखालचा गॅस, दुसऱ्या बाजूला तुमचं कूलंट, मध्ये पातळ भिंत आणि रबराची सीलं.

ते सील गेलं की काय होईल? गॅसचा दाब कूलंटपेक्षा जास्त, तो पाण्यात शिरणार. रेडिएटरमध्ये बुडबुडे. नळी टणक. कूलंट बाटलीतून बाहेर ढकललं जाणार. हवेचा गोळा अडकून हीटर गार. थोडक्यात हेड पॅकिंगची सगळी लक्षणं, आणि हेड ठणठणीत. गॅरेजवाल्याने तुम्हाला फसवलं असंही नाही, त्याने बुडबुडे पाहिले, पण कुठल्या इंधनावर पाहिले हे विचारायचं राहिलं.

अजून सिद्ध झालेलं नाही. चाचणी अशी करा. उघड्या जागेत, बेसमेंटमध्ये नाही, आसपास सिगारेट, उदबत्ती काही नाही. आदल्या दिवशी सीएनजी टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व बंद करा आणि गाडी सीएनजीवरच चालू ठेवा. पाइपातला गॅस संपला की ती आपोआप पेट्रोलवर येईल. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी थंड इंजिनाचं झाकण उघडा, काठोकाठ कूलंट भरा, पेट्रोलवर चालू करा. सुरुवातीला बुडबुडे येतीलच, ती अडकलेली हवा. वरची नळी हाताने हळूहळू दाबत राहा, पाच-सात मिनिटांत ते थांबले पाहिजेत. पाणी शांत झालं की टाकीचा व्हॉल्व उघडा, सीएनजीवर घ्या आणि बघा. डोंगलवर ७० दिसलं की गाडी बंद, झाकण उघडं ठेवून त्यापुढे जायचं नाही. गॅसचा वास आला तर तिथेच बंद करून व्हॉल्व आवळा. आणि रिड्यूसर स्वतः खोलायचा नाही, कितीही पाने असले तरी.

ठाणेकरीण

मुलुंडला माझ्या दिराकडे ब्लॉक टेस्टर आहे, काचेची नळी आणि निळं द्रावण. रेडिएटरच्या तोंडावर धरून वरची हवा त्यातून ओढायची. हेड पॅकिंगमधून जळलेला वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळं पिवळं होतं. कच्च्या सीएनजीने होणार नाही, तो जळलेलाच नसतो. रविवारी पाठवते.

आरेकर

रविवार, सकाळी ६:५०. प्रेक्षक: सेक्रेटरी, वॉचमन, दोन मांजरं. मांजरांना वॉचमनने हाकललं.

पेट्रोलवर: आधी भसाभस बुडबुडे, पाणी खाली गेलं, मी साधारण पाऊण लिटर भरलं. सहाव्या मिनिटाला थांबले. पाणी फक्त थरथरत होतं, इंजिनाबरोबर. ठाणेकरीणताईंच्या दिरांनी टेस्टर धरला. दोन मिनिटं ओढलं. निळं ते निळंच.

मग व्हॉल्व उघडला. टक असा आवाज आला, गाडी सीएनजीवर गेली. मी मोजत होतो. अकरापर्यंत काही नाही. मग एक मोठा बुडबुडा, ढब्ब. मग दोन. मग डाळीला उकळी फुटावी तसं, आणि डोंगलवर फक्त ५२. उकळण्याचा प्रश्नच नाही! सेक्रेटरी वाकून म्हणाले, "हा वास स्वयंपाकघरातला आहे." तिथेच बंद केली, व्हॉल्व आवळला.

द्रावण तेव्हाही निळंच होतं.

काळीपिवळी

सेक्रेटरींना इथे खातं उघडून द्या.

इंजिनघर

झालं निदान. आता व्हॉल्व बंद ठेवून पेट्रोलवर किटवाल्याच्या अधिकृत वर्कशॉपला न्या. रस्त्याच्या कडेला कोणी "सील बदलून देतो" म्हणाला तरी थांबू नका, २०० बारचं काम आहे. थर्मोस्टॅट परत बसवा, त्याच्या रबरी रिंगसकट. आणि टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, शेवटची कधी झाली? दर तीन वर्षांनी लागते. किट चार वर्षांपूर्वीचं म्हणालात म्हणून विचारतोय.

आरेकर

हायड्रो टेस्ट राहिली होती. टाकीच्या पट्टीवरची तारीख बघून तिथल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाइल काढून उगाच मेसेज वाचायला लागलो. टाकी टेस्टला गेली.

रिड्यूसर खोलून दाखवला. कूलंटच्या बाजूची रिंग काळी, चपटी आणि बिस्किटासारखी ठिसूळ, हातात घेतली तर तुकडा पडला. तिच्या खोबणीत पांढरट खडे. चार वर्षं मी त्यात टँकरचं पाणी घालत होतो, दुसरं काय होणार. रिपेअर किटचा भरवसा देत नाही म्हणाले, म्हणून रिड्यूसर नवा. थर्मोस्टॅट नवा, रेडिएटरचं झाकण नवं, सगळं पाणी काढून नवं कूलंट. एकूण ११,४०० रुपये, हायड्रो टेस्टसकट.

काल सीएनजीवर, एसी लावून, जेव्हीएलआरला ५० मिनिटं. ८८ ते ९७, पंखा ९७ला सुरू होतो, ९२ला बंद. वरची नळी गरम आहे पण दाबली की दबते. बाटलीची पातळी आहे तिथेच. सीएनजीवर जायला आधी जास्त वेळ लागायचा, आता लवकर जाते. ते थर्मोस्टॅट नसल्यामुळे होतं हे मला आत्ता कळतंय.

चाळिशीचा_चष्मा

हे सगळं वाचून उत्साहाने मीही आज सकाळी झाकण उघडलं. माझ्याकडेही सीएनजी किट आहे आणि माझ्याही रेडिएटरमध्ये बुडबुडे आहेत! म्हणजे रिड्यूसरच ना?

इंजिनघर

व्हॉल्व बंद करून पेट्रोलवर बघितलंत?

चाळिशीचा_चष्मा

हो, पंधरा मिनिटं. पेट्रोलवरही तेवढेच येतायत. आणि ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय आहे, पण ती दमट हवेची असेल.

इंजिनघर

तुमचं हेड. नवीन धागा काढा.